खंडेनवमीची चौथी फेरी

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, एखादा किस्सा कामावरच्या मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मग त्याची चिरफाड करायची — लाईट कशी गेली असेल, मांजर कुठून आलं असेल, सांगणाऱ्यानं किती तिखट-मीठ लावलं असेल... हा माझा आवडता उद्योग होता. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसले आहे हे आमच्या कामावरच्या कुणाला कळलं, तर माझी धडगत नाही. म्हणून नावं थोडी बदलली आहेत. बाकी सगळं जसं झालं तसं.

आम्ही बौद्ध. उतारे, गंडे-दोरे, अंगात येणं, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणी मी अंधाराला भ्यायले की ते दिवा लावायचे नाहीत. हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, "जा प्रज्ञा, बघून ये. काय दिसलं ते येऊन सांग." मी जायची, कपड्यांचं गाठोडं नाहीतर उपडी घमेली बघून यायची आणि सांगायची. असल्या घरात वाढलेल्या पोरीला भूत दिसावं तरी कसं, तुम्हीच सांगा.

मी आयटीआयला वायरमन केलं. आमच्या बॅचला दोनच मुली होत्या, त्यातली दुसरी लग्न करून वसमतला गेली. मी औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे निघालेल्या एका छोट्या अम्यूझमेंट पार्कमध्ये कामाला लागले. पार्कचं नाव सांगत नाही. आजही ते चालू आहे आणि पन्नासेक घरांच्या चुली त्यावर पेटतात. नाव काढून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

पार्कात पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आकाशपाळणा आहे, पण लोक येतात ते रोलर कोस्टरसाठी. 'पाताळ एक्सप्रेस' त्याचं नाव. मोठ्या शहरातल्या कोस्टरपुढे तो म्हणजे लेकराचं खेळणं, पण आपल्या भागात दुसरा आहे कुठं? राक्षसाच्या उघड्या तोंडातून आत शिरायचं. सहा डबे, प्रत्येकात चार माणसं, पहिल्या डब्याला फायबरचा पाच फण्यांचा नाग. साखळी गाडीला टक् टक् टक् करत वर नेते. वरून क्षणभर धरणाचं पाणी दिसतं, लोक मोबाईल काढायला जातात आणि तेवढ्यात गाडी खाली झेपावते. पोटातलं सगळं गळ्याशी येतं. एक वळण, दुसरं वळण, आणि मग सर्वात खाली गुहा. म्हणजे सिमेंटचा, काळा रंग दिलेला बोगदा. आत लाल बल्ब, भिंतीवर सांगाडे, आणि गाडी आली की सेन्सरवर चालू होणारं राक्षसाचं हसणं. त्या हसण्याचं वायरिंग मीच केलं आहे, दोनदा. उंदीर कुरतडतात.

एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागणार आहे. गाडीला इंजिन नसतं. साखळीनं वर नेऊन सोडलं की पुढचा सगळा खेळ उताराचा. गुहेत ती सर्वात वेगात असते, आणि त्याच वेगावर पुढचा चढ चढते. गुहेत वेग कमी झाला तर गाडी पुढचा चढ चढूच शकत नाही. आतच अडकते.

गाडी चालवायचं पॅनेल माझ्याकडे आणि रूळ नामदेवमामांकडे. मामा साखऱ्याचे. घरी कोरडवाहू शेती, आधी बरीच वर्षं कापसाच्या जिनिंगवर फिटर होते. शाळा सातवी, पण लोखंड ऐकून ओळखणारा माणूस. रोज सकाळी गेट उघडायच्या आधी हातात छोटी हातोडी आणि पान्हा घेऊन ते पूर्ण रुळावरून चालत जायचे. प्रत्येक जॉइंटचे बोल्ट ठोकायचे. घट्ट बोल्टचा आवाज 'ठण्ण' येतो, सैल झाला की 'ठक'. ठक आला की पान्हा लावायचा. गुहेतला चौदा नंबरचा जॉइंट सगळ्यात खोडकर, कारण गाडीचा पूर्ण दणका तिथंच बसतो. दोन-तीन दिवसांनी त्याचा एखादा नट अर्धा फेरा मागायचाच. मामा त्याला 'जावई' म्हणायचे. "जावयाचं मन राखून आलो," असं म्हणत घाम पुसत बाहेर यायचे.

मग रेतीची पोती भरून गाडीची एक मोकळी फेरी आणि त्यानंतर एका माणसाला बसवून दुसरी. ती दुसरी फेरी बहुतेक माझी. शेवटच्या डब्यात बसायचं आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचं.

ज्या दिवसाबद्दल सांगते आहे ती खंडेनवमी होती, दसऱ्याचा आदला दिवस. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात हे सांगायला नको. शेतकरी विळे, वखराची पास मांडतात, ड्रायव्हर गाडीला हार घालतात, आणि जे हत्यार पूजेत मांडलं त्याला दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विश्रांती. जिनिंगवर त्या दिवशी सगळं बंदच असायचं, त्यामुळे काही बिघडत नसे. पण आमच्या पार्कला सुट्ट्यांची गर्दी होती. मॅनेजरसाहेब नांदेडचे, ते म्हणाले, "पूजा दणक्यात करा, पण गेट दहाला उघडलं पाहिजे."

मामांनी सकाळीच स्टोअर रूममध्ये पाट मांडला. पान्हे, हातोडी, पक्कड, ग्रीसची पिचकारी, सगळं धुऊन पुसून ओळीनं ठेवलं. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ. मला म्हणाले, "पोरी, तुहं बी काही ठिवायचं आसंल तर दे. जबरदस्ती न्हाई."

मी माझी टूलकिट दिली. मी पूजा करत नाही, पण त्यांच्या आनंदावर विरजण कशाला घाला? मामांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मग त्यांनी गाडीला हार घातला, नागाच्या पाचही फण्यांना कुंकू लावलं, आणि माझ्या पॅनेलपाशी येऊन प्रत्येक बटणावर एकेक बोट टेकवलं. हिरव्यावर, पिवळ्यावर आणि त्या मोठ्या लाल इमर्जन्सी बटणावरही. मी थट्टेनं म्हटलं, "मामा, लाल बटणाला काहून कुंकू? त्याला तर आमी वर्षभर हात लावत न्हाई."

"त्याच्यासाठीच त्याला जास्ती," मामा म्हणाले.

मग ते रूळ बघायला गेले. रिकाम्या हातानं गेले. मी पाहिलं. हातोडी पूजेत होती, पान्हा पूजेत होता. गाडी चालू आणि पान्ह्याला सुट्टी, असा तो प्रकार होता. परत आले आणि म्हणाले, "डोळ्यानं पाह्यलं, समदं बराबर हाय." मला त्याच क्षणी खटकलं होतं. गुहेतल्या लाल उजेडात डोळ्यानं काय दिसणार? पण मी काही बोलले नाही.

पोत्यांची फेरी झाली. मग मी शेवटच्या डब्यात बसले, लॉक ओढलं आणि मदतनिसानं हिरवं बटण दाबलं.

चढ नेहमीचा. खाली येतानाचा झटका नेहमीचा. दोन्ही वळणं झाली. गुहेत शिरलो आणि... आवाज गेला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चाकांची घरघर, वारा, सगळं गेलं. तोंडावरचे केस खाली पडले. डोळे उघडले तर गाडी बैलगाडीच्या चालीनं पुढे सरकत होती. लाल बल्ब लागलेले. राक्षस हसत नव्हता. रुळाच्या बाजूला दुरुस्तीसाठी टाकलेली फळी आहे, तिच्यावर एक माणूस उकिडवा बसला होता. माझ्याकडे पाठ. अर्ध्या बाह्यांचा मळका शर्ट, मानेभोवती टॉवेल, मानेवर पांढरे बारीक केस. चौदा नंबरच्या जॉइंटवर त्याचा हात होता आणि तो नट फिरवत होता. पान्ह्यानं नव्हे... बोटांनी. बाटलीचं झाकण फिरवावं तसा तो नट सहज गरागरा फिरत होता.

माझा डबा त्याच्या अगदी जवळून गेला. हात लांबवला असता तर टॉवेल हाताला लागला असता. त्यानं मान वळवली नाही. नुसता म्हणाला, "सांग की."

आवाज एकदम साधा. थोडा वैतागलेला. चहा सांगायला विसरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा आठवण करावी तसा.

पुढच्या क्षणी वारा थाडकन तोंडावर आला, गाडी उन्हात निघाली, चढ चढली आणि स्टेशनात येऊन थांबली. मदतनीस हार सरळ करत होता. मी पॅनेलवर वेळ पाहिली. प्रत्येक फेरीची वेळ तिथं दिसते. एक मिनिट बावीस सेकंद. रोज असते तेवढीच. गाडी कुठंही हळू झाली नव्हती.

मामा समोरच होते, नारळ फोडून खोबरं वाटत होते. मी विचारलं, "मामा, गुहेत कोण हाय?"

"कोण आसणार? समदे तं हितं हायेत. काहून?"

इथं मला सांगता आलं असतं. पण काय सांगू? की मला माणूस दिसला? मी? दोन महिन्यांपूर्वी आमच्या वॉचमननं गुहेत कुणीतरी खोकल्याचं सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची अशी काही फिरकी घेतली होती की बिचारा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आता मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मी आडून आडून म्हटलं, "मामा, चौदा नंबर एकदा ठोकून पाहू का? मला आवाज बराबर न्हाई वाटला."

मामा थांबले. "आज? पान्हा पूजेत हाय माय. उद्या सोनं वाटलं की पयलं काम त्येच करतो."

"माझा पान्हा घेते मी. माझाच हाय तो."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "तुला न्हाई पटत, मला म्हाईत हाय. तुहा धरम येगळा, त्याला माहं काही म्हणणं न्हाई. पण मांडलेली पूजा आज नको मोडू."

आता खरं लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते. त्या स्टोअर रूमसमोर सात-आठ माणसं उभी होती. मी आत जाऊन फुलांखालचा पान्हा उपसला असता तर 'प्रज्ञाला बोल्ट घट्ट करायचा होता' असं कुणी म्हटलं नसतं. 'हिनं मुद्दाम पूजा मोडली' असंच म्हटलं असतं. तिथं काम करताना असल्या गोष्टींचा हिशेब मला मनातल्या मनात नेहमीच ठेवावा लागतो, आणि त्या सकाळीही मी तो केला. मी गप्प बसले.

तरी मोबाईलचा टॉर्च लावून मी एकटी गुहेच्या तोंडापर्यंत गेले. आत वीस पावलांवर जॉइंट होता. नट बोटांनी फिरतो का, एवढंच बघायचं होतं. त्याला पान्हा लागत नाही, पूजा मोडत नाही. अण्णांची लेक हातात टॉर्च घेऊन अंधारासमोर उभी होती आणि तिचं पाऊल उचलेना. ती फळी अजून रिकामी नसली तर? मी भ्यायले. सरळ सांगते, भ्यायले. तेवढ्यात गेटावरून हाक आली, "दहा वाजले, पॅनेलवर या!" ती हाक ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ पळतच परत आले.

पहिली फेरी गेली. गाडी गुहेतून बाहेर पडेपर्यंत मी श्वास घेतला नाही. दुसरी गेली. तिसरी गेली. लोक ओरडत जात होते, हसत परत येत होते. मग मन आपोआप वकिली करायला लागलं... तीन फेऱ्या नीट झाल्या ना? मग? रात्री झोप कमी झाली होती, मामांनी रूळ ठोकला नाही हे डोक्यात घोळत होतं, म्हणून तसं दिसलं. दुसऱ्या कुणी हाच किस्सा सांगितला असता तर मी त्याला हेच ऐकवलं असतं.

चौथ्या फेरीच्या रांगेत माझी भाची होती, सृष्टी. माझी ताई पुसेगावला दिलेली आहे. सृष्टी तिची एकुलती एक, चौथीत शिकते. दोघी सुट्टीला आल्या होत्या. ताईला बघूनच चक्कर येते, ती कठड्यापाशी थांबली. सृष्टीला जाड भिंगांचा चष्मा आहे आणि आमच्याकडे चष्मा, चप्पल सगळं केबिनपाशी ठेवून जायचा नियम आहे. तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे बारीक करत म्हणाली, "मावशी, मला शेवटच्या डब्यात बसायचं. तू बसती ना थितं?"

मी म्हटलं, "आज नको गं, पुढं बस."

"न्हाई, तुह्याच जागी."

मी तिला माझ्या जागी बसवलं. लॉक दोनदा ओढून पाहिलं. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा ती म्हणाली, "अगं मावशी, बास की." मागे रांग ओरडत होती. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, उतर म्हणून. एकच शब्द. पण उतर म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि तिला उतरवून बाकीच्या तेवीस लोकांना पाठवायचं असंही करता आलं नसतं. मी केबिनमध्ये आले, दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

गाडी साखळीला लागली. टक् टक् टक्...

आता नीट वाचा. मी पॅनेलपासून एक पाऊल मागे उभी होते. केबिनमध्ये मी एकटी. दार आतून लावलेलं. सृष्टीच्या चष्म्याच्या काचांवर तिच्या बोटांचे डाग होते, आणि मी तो दोन्ही हातांत धरून ओढणीनं पुसत होते. मनात काय होतं तेही सांगते. मनात होतं, काही होत नाही, चौथी फेरीही जाईल. मी ठरवून टाकलं होतं.

गाडी टोकाला पोचायला चार-पाच हात राहिले असतील. साखळी थांबली. सायरन वाजला. पॅनेलवर लाल दिवा.

मी खाली पाहिलं. इमर्जन्सीचं बटण दाबलेलं होतं. ते बटण दाबलं की आत अडकून बसतं, पिळल्याशिवाय वर येत नाही. ते अडकलेलं होतं. त्यावर मामांनी सकाळी टेकवलेलं कुंकू गोल होतं, ते आता फरफटलं होतं, अंगठा दाबून सरकवावा तसं. मी माझी बोटं पाहिली. चष्मा अजून दोन्ही हातांत होता. बोटांना कुंकवाचा कणही नव्हता.

त्यानंतरची धावपळ काय सांगू. चढाला बाजूनं जिना आहे. त्यावरून एकेकाला हात धरून खाली आणलं. लोक शिव्या देत होते. मॅनेजरसाहेब "क्या हुआ, क्या हुआ" करत धावत आले. सृष्टी खाली येताच ताईला बिलगली आणि रुसून म्हणाली, "काहून थांबवली? आता तं मजा येणार होती."

मामा केबिनपाशी आले. बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू दाबलंस?"

मी म्हटलं, "व्हय."

"काहून?"

"चौदा नंबर."

मामा सरळ स्टोअर रूमकडे गेले. मी मागोमाग गेले. पाटासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले, ओठ पुटपुटले, आणि फुलं बाजूला सारून पान्हा उचलला. मामांना काय वाटलं असेल हे मला आजही सांगता येणार नाही. मग ते गुहेत गेले.

बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन नट होते. पान्हा लागलाच नव्हता, बोटांनी निघाले. तिसरा बोल्ट मधूनच तुटला होता, आणि सगळा भार उरलेल्या एकावर होता. मामा रुळाशेजारी खाली बसले आणि साठीतला तो माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला. "लेकरं गेली असती माह्या हातानं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पोरीनं सांगितलं व्हतं मला. सांगितलं व्हतं."

कोस्टर महिनाभर बंद राहिला. इंजिनिअर आले, सगळा रूळ तपासला, सगळे बोल्ट बदलले. वायरिंगमध्ये काही दोष होता का, म्हणून पॅनेलही तपासलं. मीही शेजारी उभी राहून पाहिलं. दोष नव्हता. आणि वायरच्या दोषानं साखळी थांबेल, बटण कसं खाली जाईल? आता नियम झाला आहे, खंडेनवमीला कोस्टर बंद. पूजा होते, पान्हा झोपतो आणि गाडीही झोपते. हे आधी कुणाला का सुचलं नाही, देव जाणे... हो, मीच लिहिलं हे वाक्य. सवयीनं येतं तोंडात.

गुहेतला तो माणूस कोण, याची मी माझ्या परीनं चौकशी केली. पार्कच्या आधी तिथं सोयाबीनचं शेत होतं. तिथं कुणी मेल्याचं कुणाला आठवत नाही. गाडी आणि रूळ दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातून जुने आणले होते, त्यांचा आगापिछा मॅनेजरसाहेबांनाही माहीत नाही. मामांना मी नंतर त्या माणसाचं वर्णन सांगितलं. ते मग म्हणाले, "कोणी फिटरच आसंल. दुसऱ्याला काय पडलीय नटाची."

अण्णांनाही सांगितलं, माणसाबद्दल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझ्या कानांनी सैल बोल्ट आधीच ऐकला होता, बेटा. मनानं त्याला माणसाचा आकार दिला. यात अमानवीय काही नाही." मला पटलं. आजही बरंचसं पटतं. मग ते म्हणाले, "पण एवढ्या लोकांसमोर, नुसत्या शंकेवर बटण दाबायला छाती लागते. मला तुझा अभिमान वाटतो." अण्णा असं बोलणारे नाहीत. त्यांनी आयुष्यात मला हे एकदाच म्हटलं आहे.

मी त्यांना बटणाचं सांगितलं नाही. मामांना नाही, ताईला नाही. ताई दर फोनवर म्हणते, "तू व्हतीस म्हणून माहं लेकरू हाय." सृष्टीनं शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' या निबंधात माझ्यावर दोन पानं लिहिली. मॅनेजरसाहेबांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, आणि मी मान खाली घालून ते घेतलं. लोकांना वाटलं, पोरगी विनयशील आहे.

तुम्ही म्हणाल, तूच दाबलं असशील, त्या घाईत तुला कळलं नाही. मी हे स्वतःला शेकडो वेळा सांगून पाहिलं आहे. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

गुहेत कोण बसलं होतं, केबिनमध्ये कोण आलं, ते बटण कुणाच्या अंगठ्यानं दाबलं गेलं... मला माहीत नाही. उत्तर मिळेल असंही वाटत नाही. मिळालं नाही तरी मी जगेन. मला झोपू देत नाही तो प्रश्न वेगळाच आहे. कुणीही आलं नसतं तर मी गाडी थांबवली असती का? त्याचं उत्तर मात्र मला पक्कं माहीत आहे, कारण त्या केबिनमध्ये मी होते.

नसती थांबवली.